फियाट रोज चालवा, पण घरची गाडी विकू नका

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 36, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला नोकरी. घरात शिक्षिका असलेली बायको, चार वर्षांची मुलगी आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले वडील. वडिलांचे गुडघे दुखतात. दारात 12 वर्षांची हॅचबॅक आहे, ती आता विकायचं घाटतंय. मेहुण्याचा सल्ला, हप्त्यावर छोटी एसयूव्ही घ्या. वाचकाचं मन मात्र पंचवटीतल्या एका निवृत्त गुरुजींच्या 1992 च्या प्रीमियर पद्मिनीत, म्हणजे आपल्या जुन्या फियाटमध्ये अडकलंय. पहिल्यापासून एकच मालक, क्रीम रंग, स्टिअरिंगवरचा गिअर, किंमत 1 लाख 80 हजार. त्यांचा हिशेब असा: कर्ज नाही, हप्ता नाही, यंत्र साधं, अंबडला जाऊन-येऊन करायला पुरेशी आणि रविवारी फिरायला मजा. वडील म्हणाले, "खूळ आहे." बायको म्हणाली, "तुला गाडी नकोय, लोकांनी वळून बघायला हवंय." हे वाक्य त्यांना लागलं आहे. ते विचारतात, अशी गाडी रोज वापरणं खरंच वेडेपणा आहे का? आणि ज्यांना शौकच कळत नाही त्या घरच्यांची समजूत कशी घालायची?

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. पद्मिनी रोज चालवणं वेडेपणा नाही. हॅचबॅक विकून तिच्या जागी पद्मिनी आणणं मात्र मला पटलेलं नाही. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी इतक्या मिसळल्या आहेत की घरात वाद नेमका कशावरून चाललाय, हे तुमच्याही ध्यानात आलेलं दिसत नाही.

ही गाडी रोज चालते का, याचा पुरावा द्यायला नको. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली. सत्तरच्या दशकात तिचंच नाव पद्मिनी झालं आणि 2000 च्या आसपास ती बंद झाली. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावत होती. पावसात, ट्रॅफिकमध्ये, आळीपाळीने दोन-दोन ड्रायव्हरांच्या हाताखाली जिने दिवस काढले, तिला इंदिरानगर ते अंबड जड जाणार नाही.

पण तेव्हा नाक्यानाक्यावर तिचा मिस्त्री होता. पॉइंट, कंडेन्सर (प्लगच्या ठिणगीचं सामान), फॅनबेल्ट कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात मिळायचे. रस्त्यावर पुढे-मागे, शेजारी तिच्याच वेगाच्या गाड्या असायच्या. आज पाथर्डी फाट्यावरून मुंबई-आग्रा रोडला लागलात की तुमच्याभोवती शंभरच्या वेगाने पळणाऱ्या आणि त्या वेगावरून झटक्यात थांबणाऱ्या गाड्या असतात. तुमच्याकडे 1089 सीसीचं, 40 च्या आसपास अश्वशक्तीचं इंजिन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढची नवी गाडी जिथे थांबेल तिथे तुमची थांबणार नाही. पन्नास-साठच्या वेगाने, अंतर राखून, डाव्या लेनमधून चालवायची तयारी असेल तर ती तुम्हाला दगा देणार नाही. घाई असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊच नये.

आता पैशाचं. हप्ता नाही म्हणून ही गाडी स्वस्त, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात कच्चा दुवा. हौसेला मोल नाही असं आपण म्हणतो खरं, पण ते असतं, आणि आधीच मांडलेलं बरं. गुरुजींनी गाडी कितीही जपली असली तरी निवृत्त माणसाची गाडी बहुतेक वेळ उभी असते. रबर वाळतं, ब्रेकचे सिलिंडर अडकतात, टायरची नक्षी शाबूत दिसते पण कडेला चिरा पडलेल्या असतात. टायर, होज, ब्रेकचं काम, रेडिएटर, थोडं वायरिंग, जमलंच तर सीटचं कापड. पहिल्या दीड वर्षात खरेदीच्या किमतीच्या निम्मे तरी जातील असं धरून चला. कमी गेले तर मुलीच्या नावाने बँकेत टाका. गावात चालवताना पेट्रोलही तुमच्या हॅचबॅकपेक्षा जास्त प्यायची. तेव्हा 'पैसे वाचतात' हे कारण घरच्यांपुढे मांडू नका. ते हिशेब करतील, तुम्ही हराल, आणि मग शौकाची खरी बाजूही कुणी ऐकून घेणार नाही. सरळ सांगा की मला ही गाडी आवडते आणि तिच्यासाठी वर्षाला अमुक एक रक्कम मी बाजूला काढणार आहे.

बायकोच्या वाक्यात थोडं तथ्य आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॉलेज रोडच्या सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला हेल्मेट वर करून "कुठल्या सालची हो?" विचारतो, तेव्हा कुणालाही बरंच वाटतं. अशी गाडी बाळगणारा 'मला त्याचं काही नाही' म्हणत असेल तर मी तरी विश्वास ठेवणार नाही. तुम्ही हे हसून कबूल केलं असतंत तर विषय तिथेच मिटला असता. तुम्ही ते लावून घेतलंत.

पण माझं लक्ष पत्रातल्या दुसऱ्याच ओळीकडे गेलं. 'बायकोला अडचण नाही, ती स्कूटर वापरतेच' असं तुम्ही सहज लिहून गेला आहात. हे तिला विचारून लिहिलंय का? जुलैत धो-धो पावसात मुलीला ताप आला, गाडी अंबडला कंपनीच्या पार्किंगमध्ये, आणि घरात गुडघेदुखीचे सासरे. अशा वेळी ती काय करणार? गाडी घरी असली तरी हँडलगिअर तिच्या हातात बसलाय का? गार इंजिन सुरू करायचा चोक किती ओढायचा, कधी आत ढकलायचा, हे तिला ठाऊक आहे का? घरात एकच गाडी आणि ती एकालाच चालवता येते, याचा अर्थ घराला गाडी नाही असाच होतो. मला वाटतं ती नेमकं हेच म्हणत होती, फक्त चिडून टोमण्याच्या भाषेत बोलली. तिला शौक कळत नाही असं तुम्ही ठरवून टाकलंत. रस्त्याच्या कडेला उभं राहायची पाळी आपल्यावर येणार, एवढंच कदाचित तिला कळलंय.

वडिलांचं 'खूळ' वेगळ्या ठिकाणाहून येतं. त्यांच्या तरुणपणी फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. मग डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली. चावी फिरवली की सुरू, घाटात गरम होत नाही, बायकांना-पोरांना ढकलायला उतरावं लागत नाही. ज्यांनी ती सुटका बघितली त्यांना चोक, पॉइंट आणि रेडिएटरमधल्या पाण्यात कसली आलीय मजा! प्रेसमधल्या नोकरीवर त्यांनी स्वतःची फियाट बाळगली नसेलही, पण कुणाच्या तरी फियाटला धक्का नक्की मारला असेल. तुम्हाला जे गमतीचं वाटतं ते त्यांनी नाइलाजाने सोसलंय. त्यांची समजूत घालायला जाऊ नका. गाडी बघायला त्यांना बरोबर न्या. काय काय बिघडायचं हे त्यांच्याइतकं फुकट कुणी सांगणार नाही. आणि पैसे द्यायच्या आधी त्यांना दोन्ही सीटवर बसवून, उतरवून बघा. त्यांच्या गुडघ्यांना कुठली उंची सोसते ते तुम्हाला किंवा मला बाहेरून सांगता येणार नाही.

मुलीच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. पुढच्या सीटला पट्टे असण्याची सक्ती आपल्याकडे 1994 मध्ये आली. ही गाडी त्याआधीची आहे. पुढे नंतर बसवलेले असतील, मागे बहुधा नसतील. लहान मुलाची सीट बांधायला मजबूत पट्टा लागतो, आणि 14 वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात बसवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. कलम 194ब, दंड 1000 रुपये. दंडाचं सोडा. समोरून धडक बसली तर चेपून मार शोषणारा पत्रा, एअरबॅग, यातलं काहीच या गाडीत नाही. मागे तीन बिंदूंचे पट्टे बसवता येतात, पण ते ज्या पत्र्याला बोल्ट करायचे तो आधी आतून तपासावा लागतो. ते काम होईपर्यंत मुलगी हॅचबॅकमधून जाईल. झाल्यावरही तिला पद्मिनीतून कॉलनीत, गंगापूर रोडला, फार तर सोमेश्वरला न्या. हायवेला नको.

म्हणून माझं म्हणणं असं की 12 वर्षांची हॅचबॅक ठेवा. ती विकून हाती येणार ते फारसं नाही, आणि घराला लागणारी निश्चिंती तीच देते. एसयूव्ही घ्यायची तर दोन-तीन वर्षांनी घ्या, मेहुण्याला तेवढा धीर धरता येईल. हॅचबॅक बायकोच्या ताब्यात द्या, चावीसकट, कागदोपत्री नाही पण मनाने. तुम्ही पद्मिनीने अंबडला जा. ती रस्त्यात बंद पडली तर उशीर फक्त तुम्हाला होईल, आणि लेट मार्क लागला तर तो तुमच्या शौकाच्या खात्यात.

रोज चालवल्याने जुनी गाडी झिजेल ही भीती तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलीय, ती काढून टाका. उभी राहून जेवढी खराब होते तेवढी ती चालून होत नाही. फक्त तुमचा रस्ता फार लहान आहे. थंड इंजिन जेमतेम तापतं न तापतं तोच तुम्ही कंपनीच्या गेटवर. असं रोज झालं की सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये ओल आणि पेट्रोल उतरतं, प्लग काळे पडतात. रविवारी पहाटे त्र्यंबकपर्यंत एक फेरी मारा. जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, इंजिन नीट तापतं आणि अंजनेरीच्या अंगाला धुकं असेल तर तुमचीही चैन. ऑइल पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा लवकर बदला.

आता गाडी बघण्याबद्दल, कारण इथेच लोक भुलतात. गुरुजींना आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गार हवं. मग चोक ओढून पहिली सेल (स्टार्टर) मारा. गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं, खरं काय ते गार इंजिन सांगतं. सुरू झाल्यावर मागे जाऊन धूर बघा. निळसर धूर निघत राहिला तर इंजिनाच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत समजा. पांढरा राहिला आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालची सील) गेल्याची शंका धरा. झाकण गार असतानाच उघडा, नंतर हात भाजेल. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडांवर, चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्र्यावर जाड लांबी (पुट्टी) भरलीय. पायाखालची मॅटं उचला, डिकीतलं स्टेपनीचं घर बघा, बॅटरीखालचा पत्रा बोटाने दाबा. नाशिकची हवा मुंबईपेक्षा कोरडी, त्यामुळे इथे राहिलेली गाडी गंजाच्या बाबतीत नशीबवान असते, पण ती सगळी वर्षं इथेच होती का ते विचारा. इंजिन दमलं असेल तर भाव पाडून घ्या आणि घ्या. पत्रा सडला असेल तर नमस्कार करून परत या. इंजिन बांधता येतं, सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो.

त्याहूनही आधी मिस्त्री शोधा. गुरुजी कुणाकडे जातात ते विचारा आणि त्या माणसाचं वय बघा. सत्तरीचा असेल तर त्याचा हात चालतोय तोवर तुम्ही शिकून घ्या. द्वारका चौक, सारडा सर्कल भागातल्या जुन्या गॅरेजांत अजून डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) उघडणारी माणसं सापडतात. नव्या पोरांचा दोष नाही, त्यांना स्कॅनर लावायला जागा लागते आणि या गाडीत ती नाही. तुम्ही टूलरूमचे, म्हणजे निम्मं काम तुमच्याच हातचं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन क्लिपा उचलल्या की आत बोटाच्या पेराएवढे पॉइंट दिसतात. जिथे ते एकमेकांना टेकतात तिथे काळपट डाग पडलेला असतो. पॉलिश पेपरची घडी मधे सारायची, दोनदा अलगद ओढायची, मग फीलर गेजने फट बघायची, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आत. मायक्रॉन मोजणाऱ्या माणसाला हे काय अवघड? एखादा बुश, एखादी पिन टर्न करून घेणंही अंबड-सातपूरमध्ये कठीण नाही. कंपनीच्या लेथवर मात्र विचारल्याशिवाय नको.

सामानासाठी मुंबईला ऑपेरा हाउसचा बाजार आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड. पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. इंजिनाचं सामान मिळतं, नाही मिळालं तर घडवता येतं. पण पुढची काच, दारांची त्रिकोणी काच, मागच्या दिव्यांची भिंगं, रबराच्या बीडिंगा फुटल्या-फाटल्या की वणवण होते. चांगल्या दिसल्या की घेऊन ठेवा.

रोज चालवायची म्हणजे मूळ स्वरूपाचं फार सोवळं पाळू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर पॉइंटची कटकट जाते. रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा, दिव्यांना रिले, रेडियल टायर, हे सगळं करा आणि काढलेलं सामान खोक्यात घालून माळ्यावर ठेवा. कुंभमेळ्याच्या कामांसाठी गावात ठिकठिकाणी खोदलेलं आहे. 2027 च्या सिंहस्थापर्यंत आणि सिंहस्थात तुम्ही द्वारका चौकात उभेच असणार, आणि उभ्या गाडीत तो पंखाच इंजिन वाचवेल. इंजिनच बदलणं, चासीत फेरफार करणं यांना आरटीओची परवानगी लागते, त्या वाटेला जाऊ नका.

पेट्रोलची गोष्ट नवी आहे आणि जुन्या जाणत्यांनाही पुरती माहीत नसते. 2025 पासून पंपांवर सरसकट 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं असेल, अभिमान बाळगा, पण 1992 च्या रबराला ते मानवत नाही. होज मऊ पडून पाझरतात, पंपाचा पडदा फुगतो, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेत असल्याने टाकी आतून गंजते. गाडी घेतल्या घेतल्या पेट्रोलची सगळी रबरी नळी इथेनॉल सोसणारी टाका, पंपाचा पडदा बदला, टाकी साफ करून घ्या, कार्बोरेटर नव्या मिश्रणाला थोडा रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) करून घ्या. गळणारी नळी आणि तापलेला मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग) शेजारीशेजारी असतात, म्हणून गाडीत छोटं अग्निशामक नळकांडं ठेवा. आणखी एक, ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलसाठी बनली होती आणि ते देशभरात 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. शिसं व्हॉल्व्ह सीट झिजू देत नसे, म्हणून हेड कधी उघडलंच तर त्या कडक धातूच्या बसवून घ्या.

एप्रिल-मेमध्ये कसारा घाट चढताना एक प्रकार हमखास घडतो. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटून बसलेला, त्याची उष्णता लागून नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही, आणि गाडी दोन-तीन आचके देऊन गप्प. बॅटरी संपेपर्यंत सेल मारू नका. बाजूला घ्या, बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. जुने टॅक्सीवाले हेच करायचे. नळी सायलेन्सरपासून लांबून फिरवली तर त्रास कमी होतो. मुंबईला मात्र हॅचबॅकनेच जा म्हणते मी.

कागदांचं थोडक्यात. 1992 ची नोंदणी म्हणजे 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यामुळे पुढचं 2027 मध्ये येणार. आधीची सगळी झाली आहेत ना, हे आरसीवर बघा. मुदत टळली की महिन्यागणिक दंड चढतो. 20 वर्षांपुढच्या कारसाठी नूतनीकरणाची फी 2025 मध्ये 10 हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. इंजिन आणि चासी नंबर स्वतः वाचून आरसीशी जुळवा. अनेक पद्मिनींना कधीकाळी गॅसकिट लावलेलं असतं. किट काढलं पण आरसीवर तसंच राहिलं असेल तर ते गुरुजींकडूनच दुरुस्त करून घ्या, तुमच्या नावावर झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओच्या खेपा तुम्ही घालाल. मालकी बदलासाठी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट. थर्ड पार्टी विमा सक्तीचाच, 1000 ते 1500 सीसीला 2022 च्या दराने 3416 रुपये आणि वर जीएसटी. गाडीच्या नुकसानीचा विमा हवा असेल तर किंमत आधी ठरवून देणारी कंपनी शोधावी लागते, आणि त्या ठरलेल्या किमतीचा कागद हातात घ्या.

'व्हिंटेज करून टाका, कटकट नको' असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. 2021 च्या नियमांप्रमाणे त्याला 50 वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे तुमच्या गाडीला 2042 उजाडेल. आणि ती नोंदणी झाली की गाडी रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. नेहमीच्या वापराला मनाई. पद्मिनीच्याही आधीची जुनी डुक्कर फियाट घेऊन रोज कामावर जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

याच धाटणीची पत्रं आणखीही येतात, म्हणून थोडं इतरांसाठी. वेगळी गाडी म्हणजे जुनीच गाडी असं नाही. चोक-पॉइंट नको पण चारचौघांसारखी गाडीही नको, अशांनी 2000 नंतरची, इंजेक्शनची इंजिनं बघावीत. फियाट पॅलिओ 1.6 चालवायला आजही झकास, पेट्रोल आणि सामान या दोन्हीत रडवते. मारुती जिप्सीचा भाव उगाच चढलाय, पण 1298 सीसीची इंजेक्शनवाली मिळाली तर रोजच्या कामाला खणखणीत. मागच्या आडव्या बाकांवर मुलं बसवू नका एवढंच. नॅनोला लोक हसतात, मला ती आवडते. 624 सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागच्या सीटच्या पाठीशी, रविवार कारंजाच्या गल्ल्यांत तिच्यासारखी वळणारी दुसरी नाही. पण 2014 च्या सुरक्षा चाचणीत तिला शून्य तारे मिळाले होते, म्हणून गावाबाहेर नको. जुनी महिंद्रा जीप असेल तर नाशिकसारखं गाव नाही, सातपूरला कारखानाच असल्याने तिची नाडी ओळखणारे हात इथे भरपूर. काँटेसा मात्र ज्याच्याकडे आधीपासून एक आहे त्यानेच घ्यावी, सुट्ट्या भागांसाठी.

तुमच्याकडे परत येते. घरच्यांशी बोलताना त्यांची परवानगी मागू नका आणि त्यांना अंधारातही ठेवू नका. तीन गोष्टी कबूल करा: हॅचबॅक जाणार नाही, मुलगी पट्ट्यांशिवाय पद्मिनीत बसणार नाही, आणि ठरलेल्या रकमेपलीकडे खर्च गेला तर गाडी दुरुस्त होईपर्यंत उभी राहील, घरखर्चाला हात लागणार नाही. मग बायकोला एकदा हँडलगिअर शिकवा, एखाद्या मोकळ्या मैदानात, तुम्ही गप्प बसून. आवडला नाही तर नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिलेली नाही: दोन गाड्या लावायला जागा आहे का? इंदिरानगरच्या बहुतेक सोसायट्यांत एका फ्लॅटला एकच पार्किंग असतं. नसेल तर बयाणा देण्याआधी जवळपास एखाद्या बंगल्याच्या आवारातली शेड महिन्याच्या भाड्याने मिळते का बघा, आणि ते भाडंही शौकाच्या खर्चात धरा. रस्त्याच्या कडेला, प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ठेवू नका. आत ओल कोंडते आणि एका पावसाळ्यात दारांच्या कडा फुगतात. जागा मिळाली नाही तर गुरुजींना स्पष्ट सांगा आणि त्यांना दुसरं गिऱ्हाईक बघू द्या.